पुरस्कार विकत घेऊ नका, पुस्तक विकत घ्या

गेल्या महिन्यातली गोष्ट. नामपूरला आम्ही काही जण दर रविवारी संध्याकाळी समाजमंदिरात जमतो. बाबासाहेबांचा एखादा लेख वाचतो, त्यावर भांडतो, आणि शेवटी ज्यांनी काही लिहिले असेल ते वाचून दाखवतात. त्या दिवशी आमच्यातला एक पोरगा मोबाईल पुढे करून म्हणाला, "भाऊ, मला राज्यस्तरीय पुरस्कार मिळाला." टाळ्या झाल्या. कुणीतरी पेढे आणायला निघालेसुद्धा. मग आमच्यातल्या एका ताईने तो मेसेज शेवटपर्यंत वाचला.

वर जोतीराव आणि सावित्रीमाईंचा फोटो. मध्ये पोराचे नाव, नावाआधी 'सुप्रसिद्ध साहित्यिक'. खाली बारीक अक्षरात: नोंदणी शुल्क १,१०० रुपये, तीन दिवसांत भरावे, अन्यथा निवड रद्द समजण्यात येईल. शाल, सन्मानचिन्ह, मानपत्र देण्यात येईल. प्रवास आणि मुक्काम स्वखर्चाने. सोबत येणाऱ्यांच्या जेवणाचे कूपन वेगळे.

आम्ही त्याला विचारले, तुझे काय वाचून त्यांनी तुला निवडले? तो गप्प. त्याच्या मोजून पाच-सहा कविता छापून आल्या आहेत, पुस्तक एकही नाही. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर 'इच्छुकांनी नाव पाठवावे' असे आले होते, त्याने पाठवले होते. तेवढेच. दुसऱ्या दिवशी त्याच ग्रुपवर निवड झालेल्यांची यादी आली. आम्ही मोजली. १४२ सुप्रसिद्ध साहित्यिक. गुणिले अकराशे करून पाहा.

हा पोरगा उन्हाळ कांद्याच्या हंगामात व्यापाऱ्याच्या खळ्यावर गोण्या भरतो, ट्रकवर चढवतो. त्याची आई कांदा निवडायला जाते. त्याच्या वहीत आम्ही वाचलेल्या कविता चांगल्या आहेत. आमचा आहे म्हणून म्हणत नाही, जे कच्चे आहे ते आम्ही तोंडावर कच्चे म्हणतो आणि तो चिडतो. त्यातल्या काही अहिराणीत आहेत आणि त्या सगळ्यांत सरस आहेत. असा पोरगा स्वतःच्या तीन दिवसांच्या मजुरीतून स्वतःलाच शाल विकत घेऊन पांघरायला निघाला होता.

अकराशे रुपयांचा प्रश्न त्या संध्याकाळी मिटला. त्याने मेसेज डिलीट केला. पण पुढच्या रविवारी तो दुसरा कागद घेऊन आला आणि त्या कागदाने आम्हा सगळ्यांना अजून सोडलेले नाही. एका प्रकाशनाने त्याचा कवितासंग्रह 'स्वीकारला' होता. पाने ९६, प्रती ३००, लेखकाने भरायची रक्कम २८,००० रुपये. त्यात आयएसबीएन क्रमांकाचे वेगळे २,००० धरलेले. दोनशे प्रती लेखकाला, शंभर प्रकाशकाकडे 'वितरणासाठी'. शेवटी एक ओळ: पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील. लेखकाला काय मिळणार यावर शब्द नाही. पैसे भरायला आईने बचत गटातून कर्ज काढायचे ठरवले होते. आम्ही तिच्याशी बोलायला गेलो तेव्हा तिने सगळे नीट ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "पैसा आपला, मंग तो काय करस?"

मित्रांनो, पैसा आपला, मग तो काय करतो? आम्ही हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधत लिहितो आहोत.

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करू. त्याच बैठकीत ताईने आम्हाला अडवले होते. ती म्हणाली, स्वतःच्या पैशाने छापण्यात लाज कसली? बाबासाहेबांनी काय केले? तिचे म्हणणे बरोबर आहे. लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले, भाषणातला मजकूर खटकल्यावर बदल सुचवले आणि बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिल्यावर अधिवेशनच गुंडाळले. तेव्हा, १९३६ मध्ये, बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने पुस्तक म्हणून काढले. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. त्याआधी १९२० मध्ये 'मूकनायक' निघाला तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले आणि 'केसरी'ने मात्र पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला नकार दिला. 'बहिष्कृत भारत' काढताना बाबासाहेब एकट्याने अंकाचे चोवीस चोवीस रकाने लिहीत होते, मोबदल्याचा एक पैसा न घेता, आणि १९२८ मध्ये त्यांनी त्याच पत्रातून समाजाला खडसावून विचारले की हे ऋण तुम्ही फेडणार की नाही.

तेव्हा स्वखर्चाने छापणे ही आपल्याकडे शरमेची गोष्ट कधीच नव्हती. पण नीट पाहा, बाबासाहेबांनी पैसे कशासाठी मोजले. कागदासाठी, छपाईसाठी, टपालासाठी. मजकुरावर ताबा त्यांचा, हक्क त्यांचे, प्रती त्यांच्या. कुणीतरी आपल्याला 'साहित्यिक' म्हणावे म्हणून त्यांनी दमडीही दिली नाही. आमच्या पोराच्या हातातल्या कागदावर नेमके उलटे होते. छपाईचा सगळा खर्च त्याचा आणि हक्क दुसऱ्याचे. आम्ही मालेगावला जाऊन छापखान्यात दर विचारला. ९६ पाने, ३०० प्रती, रंगीत मुखपृष्ठ, बांधणीसह १५,५०० रुपये. म्हणजे साडेबारा हजार रुपये कशाचे? प्रकाशनाच्या नावाचे. आणि आयएसबीएनचे जे दोन हजार लावले होते, तो क्रमांक भारतात फुकट मिळतो. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाखाली राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय एजन्सी आहे, ती तो देते, लेखकालाही स्वतः अर्ज करता येतो. ही साधी माहिती आपल्या पोरांपर्यंत पोहोचत नाही, आणि ती पोहोचत नाही यावरच कुणाचे तरी दुकान चालते.

आता पुरस्कारांकडे येऊ. पुरस्कार ही आपल्याला परकी गोष्ट आहे असे नाही, पण आपला आणि पुरस्कारांचा इतिहास काय आहे ते पोरांना सांगितले पाहिजे. तो १८५५ पासून सुरू होतो.

पेशवाईत ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. कंपनी सरकारने तो रमणा लहान प्रमाणात चालू ठेवला. पुण्यातल्या काही सुधारक तरुणांनी त्यातला काही पैसा मराठीत चांगली पुस्तके लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा अशी मागणी केली, तेव्हा सनातन्यांच्या रोषापुढे जोतीराव त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यातून दक्षिणा प्राइज कमिटीचा मार्ग मोकळा झाला. १८५५ मध्ये जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले आणि त्याच कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. कमिटीतल्या भटांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी स्वतः 'गुलामगिरी'त नोंदवून ठेवले आहे. ज्या बक्षिसाच्या मागणीच्या पाठीशी ते उभे राहिले, त्या बक्षिसाच्या दारातून त्यांचेच नाटक परत आले. ते छापून लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडावे लागले. १२४ वर्षे!

आणि त्याच १८५५ सालात दुसरी घटना घडली. जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'ने छापला. तिला शाल दिली नाही की मानपत्र दिले नाही, पानावर जागा दिली. ती जागा मिळाली म्हणून मुक्ताचे शब्द आज आपल्या हातात आहेत. एकाच वर्षात एकीकडे बक्षीस समिती आणि दुसरीकडे छापील पान. आपल्या नवोदितांना या दोहोंपैकी कशाची भूक असायला हवी, ते आम्ही वेगळे सांगत नाही.

पुढचा इतिहासही असाच आहे. अण्णाभाऊंच्या 'फकिरा'ला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला आणि १९६९ मध्ये अण्णाभाऊ हलाखीतच गेले. वामनदादा आपल्या जिल्ह्यातले, सिन्नरच्या देशवंडीचे. त्यांच्या गाण्यांवर किती कॅसेटी निघाल्या आणि किती रात्री जागल्या याचा हिशेब कुणी ठेवला नाही, आणि हिशेबच नाही म्हटल्यावर मोबदला कुठला? बाबूराव बागूल विहितगावचे. 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चे पुस्तक, आणि नाशिकचा जनस्थान पुरस्कार त्यांना मिळाला २००७ मध्ये. दुसऱ्याच वर्षी ते गेले. प्रस्थापितांचा सन्मान आपल्या दाराशी येतो तोवर बहुतेक वेळा माणूस अंथरुणाला खिळलेला असतो.

हे सारे सांगून आम्ही सगळे पुरस्कार झुगारा असे म्हणत नाही. काही जण तसे म्हणतात, त्यांचे म्हणणे ऐकायला रोखठोक वाटते, पण ते बहुधा पगारदार असतात. खळ्यावरच्या पोराला पन्नास हजार रुपये मिळणार असतील तर ते त्याने घ्यावेत, हक्काने घ्यावेत. तो जनतेचा पैसा आहे. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून आहे, पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकाला, पन्नास हजार रुपयांचा. प्रवेश शुल्क नाही. मराठीचा पहिलाच मान आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या ऐश्वर्य पाटेकरांच्या 'भुईशास्त्र'ला मिळाला होता. पुढे बंजारा समाजातून आलेले वीरा राठोड त्या यादीत आहेत, २०२४ मध्ये तुळजापूरला शिवणकाम करणारे देविदास सौदागर आहेत, 'उसवण' या कादंबरीसाठी. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत तर पहिल्या पुस्तकासाठी वेगळे पुरस्कार आहेत. कवितेचा बहिणाबाईंच्या नावाने, ललितगद्याचा ताराबाई शिंदेंच्या नावाने. आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ज्याचे एकही पुस्तक आलेले नाही त्याच्या पहिल्या पुस्तकासाठी. आम्ही बैठकीत विचारले, ही योजना किती जणांना माहीत आहे? एकही हात वर झाला नाही. १,१०० रुपयांचा मेसेज मात्र नामपूरपासून ताहाराबादपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर.

शासनाचा पैसा हक्काचा आहे म्हणजे शासन मालक झाले असे मात्र नाही. २०२२ चा डिसेंबर आठवा. कोबाड गांधींच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'च्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला राज्य पुरस्कार जाहीर झाला, तोही ६ डिसेंबरला. सहा दिवसांत शासन निर्णय काढून तो रद्द केला आणि निवड समितीच बरखास्त केली. तेव्हा प्रज्ञा दया पवार आणि नीरजा यांनी मंडळाचे राजीनामे दिले. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यातले शरद बाविस्कर यांनी 'भुरा'ला मिळालेला राज्य पुरस्कार नाकारला. नाकारायलाही आधी तो मिळालेला असावा लागतो आणि मिळायला लिहिलेले वाचले गेलेले असावे लागते. शुल्क भरून आणलेले मानपत्र परत करून तुम्ही कुणाचा निषेध करणार?

आणखी एक कडू गोष्ट. पुरस्काराने पोट भरत नाही. 'फेसाटी'चे लेखक नवनाथ गोरे यांना २०१८ चा युवा पुरस्कार मिळाला आणि २०२० च्या टाळेबंदीत ते शेतमजुरी करत होते. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, मग नेत्यांची धावाधाव झाली. म्हणजे साहित्य अकादमीची मोहोर उमटूनही रोजगार दुसऱ्याच्या बांधावर. मग राज्यस्तरीय सुप्रसिद्धांचे काय होणार?

सर्वात जास्त खटकते ते पुढचेच, आणि ते आपल्याच घरातले आहे म्हणून बोलले पाहिजे. या शुल्कवाल्या पुरस्कारांवर नावे कुणाची असतात? फुले, सावित्रीमाई, शाहू महाराज, रमाई, बाबासाहेब. ब्राह्मणी छावणीने आपल्याला शंभर वर्षे दारात उभे केले नाही ही तक्रार खरी आहे. पण ही यादी काढणारे, क्यूआर कोड पाठवणारे, शाली घाऊक भावात आणणारे यांतले बरेच आपलेच भाऊबंद आहेत. मान नाकारलेल्या समाजाला मानाची भूक किती असते हे त्यांना आपल्याइतकेच ठाऊक आहे. त्या भुकेवर त्यांनी गाळा उघडला आहे. ज्या जोतीरावांचे नाटक बक्षीस समितीने परत पाठवले, त्यांच्याच नावाने आपण न वाचलेल्या कवींना बक्षिसे विकतो! यावर आपल्या संघटना एक ओळ बोलत नाहीत, कारण उद्घाटनाला आपल्याच नेत्यांना बोलावलेले असते आणि फोटो चांगले येतात.

आणि मानधन? कवीला बोलावताना मंडपवाल्याला ॲडव्हान्स दिलेला असतो, साऊंडवाल्याला दिलेला असतो, आचाऱ्याला दिलेला असतो. कवीला म्हणतात, चळवळीचे काम आहे. नामपूरहून नाशिकला जाऊन यायचे एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी, रात्री परतायला गाडी नाही म्हणून स्टँडवर काढलेली रात्र, हे सगळे चळवळीच्या खाती. दिवाळी अंकांचेही तेच. जाहिरातदाराकडून पैसे, छापणाऱ्याला पैसे, लिहिणाऱ्याला अंकाची एक प्रत, तीही मागून घ्यावी लागते. मित्रांनो, राबायचे आणि मोबदला मागायचा नाही, याला आपल्या बापजाद्यांच्या भाषेत वेठ म्हणतात. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले ते याच प्रथेच्या मुळावर घाव घालायला. गावकीची वेठ गेली आणि लेखणीची वेठ आम्ही स्वतः होऊन पत्करली. पूर्वी शिळी भाकर मिळायची, आता मानपत्र मिळते.

आमच्याकडूनही हे झाले आहे. गेल्या जयंतीला आम्ही दोन शाहिरांना बोलावले आणि त्यांना गुलाबाचे फूल देऊन पाठवले. डीजेवाल्याला किती दिले ते लिहायला लाज वाटते.

विद्रोही साहित्य संमेलन मूठभर धान्य आणि एक रुपया मागून उभे राहते. १९९९ मध्ये धारावीत पहिले झाले तेव्हा अध्यक्ष बागूल होते. २०२१ मध्ये नाशिकला एकीकडे अखिल भारतीय संमेलन होते आणि त्याच दिवसांत विद्रोही होते, आमच्यातले काही विद्रोहीला गेले होते. त्या रुपयाबद्दल आम्हाला आदर आहे. शासनाने अखिल भारतीय संमेलनाचे अनुदान पन्नास लाखांवरून दोन कोटींवर नेले, त्यापुढे तो रुपया ताठ उभा आहे. पण आमचे एक म्हणणे तिथेही राहीलच: त्या रुपया-रुपयातून गावाकडून आलेल्या नव्या कवीचे एसटीभाडे निघाले पाहिजे. मोठ्या वक्त्याचे निघते, तसे.

मग करायचे काय? त्या पोराने आम्हाला हाच प्रश्न विचारला आणि जरा रागाने विचारला. "तुम्ही म्हणता पैसे भरू नको. मंडळाच्या योजनेत अर्ज करायचा, मग कधी निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर मी थांबू? आणि आपणच छापलेल्या पुस्तकाला पुरस्कार कोण देणार?" आम्ही त्याला खोटा दिलासा दिला नाही. नाव नसलेल्या प्रकाशनाचे पुस्तक परीक्षकांच्या टेबलावर खाली सरकते, हे आम्हीही पाहिले आहे. कविता अहिराणीत असली तर आणखी खाली. पण २८,००० घेणाऱ्याचे नाव तरी कोणत्या टेबलावर वर असते? ते नाव लेखकाच्या गल्लीपलीकडे कुणाला माहीत नसते. तसल्या नावासाठी आईने कर्ज काढावे हे आम्हाला मान्य नाही.

आम्ही त्या प्रकाशनाच्या कागदाचे काय केले ते सांगतो. प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. पुस्तकाचा पहिला मालक लेखक. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात आणि त्या लेखात मोबदला किती हे लिहिलेले असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असे कायदा मानतो. हे कलम १९ मध्ये आहे, कुणीही वाचावे. संविधान ज्यांच्या अभिमानाचा विषय आहे त्यांनी स्वतःच्या वहीचा कायदा वाचू नये हे चमत्कारिक आहे. आम्ही प्रकाशनाला फोन करून विचारले, विक्रीवर लेखकाला किती टक्के? साधारण दहा टक्के देण्याची रीत आहे. पलीकडून उत्तर आले, "कवितेला रॉयल्टी नसते." कवितेला रॉयल्टी नसते, पण २८,००० असतात! कुठल्याही कागदावर सही करण्याआधी हेच विचारा. माझे लिखाण कुणी वाचले, पैसा कुणाकडून कुणाकडे जातो, हक्क कुणाचे. पैसा तुमच्याकडून निघत असेल आणि हक्कही तुमच्याकडूनच निघत असतील, तर तो व्यवहार प्रकाशनाचा नाही.

दुसरा रस्ता आपल्या डोळ्यांसमोर होता. १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' 'ग्रंथाली'ने काढले, १९८० मध्ये लक्ष्मण मानेंचे 'उपरा' तिथूनच आले. 'ग्रंथाली' ही वाचकांची चळवळ होती. वाचक आधीच सभासद होत, पैसे आधी भरत, पुस्तक नंतर घेत. छपाईचा भार लेखकाच्या खिशावर नव्हता. आणि छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादेत, गंगाधर पानतावणे सरांनी 'अस्मितादर्श' किती दशके चालवले! ज्यांची आज आपण नावे घेतो त्यांतल्या कितीतरी लेखकांच्या सुरुवातीच्या ओळी तिथे आल्या आणि दरवर्षी लेखक-वाचक मेळाव्यात त्या ओळींवर समोरासमोर बोलणे झाले. ती पाने शुल्क घेऊन मिळत नव्हती, लिहून मिळत होती. आणि कच्चे असेल तर परतही येत होती. परत येण्याची आमच्या पोरांना आता सवयच राहिलेली नाही, कारण पैसे भरले की काहीच परत येत नाही.

आम्हाला इथे बाबासाहेबांचे १९५६ सालचे एक पत्र आठवते. १४ सप्टेंबरला त्यांनी पंतप्रधान नेहरूंना लिहिले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ तयार आहे, छपाईचा खर्च वीस हजारांच्या घरात जातो, तो माझ्या आवाक्याबाहेर आहे, बुद्धाच्या अडीच हजाराव्या जयंतीनिमित्त ग्रंथालयांसाठी आणि विद्वानांसाठी सरकारने पाचशे प्रती घ्याव्यात. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले: जयंतीच्या प्रकाशनांसाठी ठेवलेला निधी संपला आहे. तीन महिन्यांत बाबासाहेब गेले. ग्रंथ १९५७ मध्ये आला, त्यांनी तो छापलेला पाहिला नाही. ज्या माणसाने देशाचे संविधान लिहिले त्याला आयुष्याच्या शेवटी पुस्तकाच्या पाचशे प्रती कुणीतरी घ्याव्यात म्हणून पत्र लिहावे लागले. त्यांनी पुरस्कार मागितला नव्हता. मदतही मागितली नव्हती. गिऱ्हाईक मागितले होते.

हे पत्र आम्ही बैठकीत वाचले तेव्हा कुणी काही बोलले नाही. मग ताईनेच वहीचे कोरे पान काढले. छपाई १५,५००. पुस्तकाची किंमत १२० ठेवायची, आगाऊ नोंदवणाऱ्याला १०० मध्ये द्यायचे. म्हणजे १५५ माणसे हवीत. पंधरा-सोळा गावांत प्रत्येकी दहा. नामपूर, द्याने, करंजाड, ताहाराबाद, सटाणा, मालेगाव... आपली वस्ती कुठे नाही? उरलेल्या १४५ प्रती विकल्या जातील तसा पैसा पोराचा, संघटनेचा नाही. हक्क त्याचे. आयएसबीएनचा अर्ज तो स्वतःच्या नावाने करेल. साहित्य आणि संस्कृती मंडळाकडे जायचे की असे छापायचे हेही त्यानेच ठरवायचे, कारण एकदा पुस्तक आले की पहिल्या पुस्तकाच्या योजनेतून तो बाद होतो. हे आम्ही त्याला दोनदा सांगितले. त्याने एक आठवडा मागून घेतला आणि अहिराणी कविता वेगळ्या काढल्या. त्या मंडळाकडे नको, म्हणाला, त्या आपल्या माणसांनी आधी वाचाव्यात.

काहींनी नाव नोंदवायला नकार दिला. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने सांगितले की जयंतीला पाच हजार देतो, पण कवितेच्या पुस्तकाला शंभर कशाला? एका शिक्षक मित्राने दहा प्रती लिहिल्या आणि पैसे पगारानंतर देतो म्हणाले, ते अजून आलेले नाहीत. खळ्यावरच्या बायकांनी मात्र तिथल्या तिथे नोटा काढल्या. त्यांतल्या निम्म्यांना वाचता येत नाही. एकीने विचारले, यात आमच्याबद्दल आहे का? आहे, म्हणालो. मग वाचून दाखवायला या, म्हणाली, दुपारच्या भाकरीच्या वेळेला.

आईने बचत गटाचा अर्ज मागे घेतला आहे. वहीत आजपर्यंत ९३ नावे झाली आहेत. अजून ६२ हवीत. नामपूरच्या समाजमंदिरात रविवारी सहा वाजता वही उघडी असते, शंभर रुपये सुटे आणा.

जय भीम.